वाचकांचे प्रश्न : क्वांटम संगणकापुढे आपले एन्क्रिप्शन किती टिकेल?

गेल्या अंकात या सदरात चार ओळींची एक टीप होती. इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीसाठी ब्राउझर आणि संकेतस्थळे जे गणित वापरतात ते आता बदलले जात आहे आणि त्याचे कारण भविष्यातील क्वांटम संगणक, म्हणजे अणूंच्या पातळीवरील नियमांचा उपयोग करून गणना करणारे नव्या जातीचे संगणक, हे आहे, एवढेच तीत म्हटले होते. त्यावर नाशिक शहरातून आणि निफाड, सिन्नरकडून पत्रे आली. त्यांतील सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : क्वांटम संगणक तयार झाला की बँकांची सगळी सांकेतिक व्यवस्था एका क्षणात कोसळेल, असे एका व्हिडिओत ऐकले. तसे असेल तर मुदत ठेवी आणि नेटबँकिंग यांचे आम्ही काय करावे?
— निवृत्त बँक अधिकारी, गंगापूर रोड

उत्तर : ठेवी आहेत तेथेच राहू द्याव्यात. व्हिडिओतील विधान अगदीच निराधार नाही, परंतु सगळेच कोसळेल आणि तेही एका क्षणात, यांपैकी काहीच खरे नाही.

आपला संगणक बँकेच्या संकेतस्थळाशी जोडला जातो तेव्हा दोन वेगळ्या जातींचे गणित कामाला येते. आधी, पूर्वी एकमेकांशी कधीही संबंध न आलेल्या दोन यंत्रांना उघड्या मार्गावरून बोलत एक समान गुप्त किल्ली ठरवावी लागते आणि समोरचे यंत्र खरोखर बँकेचेच आहे याची खात्री करून घ्यावी लागते. या कामासाठी १९७६ मधील डिफी-हेलमन पद्धत, १९७७ मधील आरएसए आणि १९८५ मध्ये सुचवली गेलेली इलिप्टिक कर्व्हची पद्धत या तिघींचे वंशज आजवर वापरात आहेत. किल्ली ठरली की पुढचा सगळा मजकूर एईएस या, २००१ मध्ये मानक ठरलेल्या, सममित पद्धतीने झाकला जातो. तीत दोन्ही बाजूंकडे तीच एक किल्ली असते.

१९९४ मध्ये बेल लॅबमधील गणितज्ञ पीटर शोर यांनी दाखवून दिले की पुरेसा मोठा आणि चुका आवरणारा क्वांटम संगणक हाताशी असेल तर पहिल्या जातीचे गणित, म्हणजे प्रचंड संख्येचे अवयव पाडणे किंवा तिचा असंतत लॉगॅरिदम काढणे, व्यवहार्य वेळात सुटते. १९९६ मध्ये लव ग्रोव्हर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या जातीवरही क्वांटम शोधपद्धत लागू पडते हे दाखवले. मात्र तिचा लाभ मर्यादित आहे आणि किल्लीची लांबी वाढवून तो निष्प्रभ करता येतो. म्हणजे धोका आहे तो प्रामुख्याने किल्ली ठरवण्याच्या आणि ओळख पटवण्याच्या टप्प्याला.

असे यंत्र आज कोठे आहे? २००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सात क्यूबिटांच्या (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातील बिट) प्रयोगात १५ या संख्येचे अवयव पाडले. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने जाहीर केलेल्या विलो या चिपवर १०५ क्यूबिट आहेत. दुसऱ्या बाजूला, २०४८ बिटांची आरएसए फोडायला सुमारे दोन कोटी सदोष क्यूबिट आणि आठ तास लागतील, असा गिडनी आणि एकेरो या संशोधकांचा २०१९ मधील अंदाज होता. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि एका आठवड्याहून कमी वेळ असा खाली आणला. शंभर आणि दहा लाख यांतील अंतर पाहिले की घाबरण्याचे कारण उरत नाही. तरीही सहा वर्षांत आवश्यक क्यूबिटांचा आकडा वीसपटींनी उतरला आणि तो केवळ कागदावरच्या गणिताने उतरला, हे मला अधिक बोलके वाटते. आपल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याचे उद्दिष्टही आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांपर्यंत पोहोचण्याचे आहे.

दुरुस्तीचे काम दरम्यान सुरू झालेले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१६ मध्ये जगभरातून नव्या पद्धती मागवल्या, आठ वर्षे त्यांची छाननी केली आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केईएम, स्वाक्षरीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. सध्या एमएल-केईएम जुन्या पद्धतीला हटवून नव्हे, तर तिच्या जोडीने वापरली जाते. लॉकर जसा बँकेची आणि ग्राहकाची अशा दोन्ही किल्ल्या लागल्याखेरीज उघडत नाही, तसेच येथे आहे: दोन्ही पद्धतींनी स्वतंत्रपणे काढलेली गुपिते मिसळून अंतिम किल्ली तयार होते, त्यामुळे दोहोंपैकी एक जरी टिकली तरी मजकूर सुरक्षित राहतो.

आपल्या खात्याला आज खरा धोका आहे तो ओटीपी विचारणाऱ्या आणि ‘डिजिटल अटके’ची भीती घालणाऱ्या फोनचा. त्या माणसाला कोणताही संगणक लागत नाही.

प्रश्न : मी सनदी लेखापाल आहे. अशिलांची कागदपत्रे क्लाउडवर ठेवतो, ईमेलने पाठवतो आणि विवरणपत्रांवर डिजिटल स्वाक्षरी करतो. धोका दहा-पंधरा वर्षांनी येणार असेल तर आज खर्च का करावा?
— शरणपूर रोड

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू.

पहिली गुप्ततेची. आज इंटरनेटवरून जाणारा झाकलेला मजकूर कोणी जसाच्या तसा साठवून ठेवला, तर त्याला तो आज वाचता येणार नाही. परंतु किल्ली ठरवण्याचा सुरुवातीचा संवादही त्याच साठ्यात असतो आणि मोठे क्वांटम यंत्र आले की त्यातून किल्ली काढून मागचे सगळे वाचता येईल. त्यामुळे यंत्र कधी येणार यापेक्षा ही माहिती किती वर्षे गुप्त राहायला हवी हे आधी विचारावे लागते. मिशेल मोस्का या कॅनडातील गणितज्ञांनी यासाठी एक साधे गणित मांडले आहे. माहिती गुप्त राहण्याची आवश्यक वर्षे आणि नव्या पद्धतीकडे वळायला लागणारी वर्षे यांची बेरीज यंत्र येण्यास लागणाऱ्या वर्षांपेक्षा मोठी असेल, तर उशीर झालेलाच आहे. मासिक जीएसटी विवरणाचे रहस्य दोन वर्षांनी कोणाच्या कामाचे नसते. पण कौटुंबिक वाटणीचा मसुदा, मृत्युपत्र, एखाद्याच्या आजारपणाचा खर्च दाखवणारी कागदपत्रे यांचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते. खर्च करायचा तो या दुसऱ्या ढिगासाठी, आणि त्यातही बहुतेक वेळा खर्चापेक्षा शिस्तच अधिक लागते: जे ठेवण्याची कायद्याने गरज नाही ते पुसावे आणि क्लाउड सेवा देणाऱ्या कंपनीला ती एमएल-केईएमकडे कधी वळणार हे लेखी विचारावे. डिस्कवर एईएस-२५६ ने झाकून ठेवलेल्या फाइलला या धोक्याची फारशी झळ नाही.

दुसरी गोष्ट स्वाक्षरीची, आणि तेथे निकड कमी आहे. खोटी स्वाक्षरी करायला यंत्र त्या वेळी हातात असावे लागते. आज साठवून ठेवून उद्या कामाला येईल असे येथे काही नाही. आपल्या यूएसबी टोकनवरील प्रमाणपत्राची मुदत फार तर तीन वर्षांची असते, त्यामुळे नूतनीकरणाच्या एखाद्या फेरीत नवी पद्धत आपोआप हाती येईल. निस्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात आरएसए-२०४८ च्या ताकदीच्या पद्धती २०३० नंतर नापसंत आणि २०३५ नंतर निषिद्ध ठरवण्याचा प्रस्ताव आहे. ते अमेरिकेपुरते असले तरी सॉफ्टवेअर बनवणारे सगळेच त्या तारखा डोळ्यांपुढे ठेवतात.

जाता जाता एक सांगतो. अनेक कार्यालये पीडीएफला अशिलाचा पॅन क्रमांक हाच पासवर्ड देतात. सहा अक्षरे आणि चार अंक यांच्या सगळ्या शक्यता तीन लाख कोटींच्या घरात जातात, चौथे अक्षर ठरावीक असल्याने प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच कमी. आणि मुळात पॅन हे गुपितच नाही. त्या फाइलसाठी कोणी क्वांटम संगणकाची वाट पाहत बसणार नाही.

प्रश्न : आरएसएची किल्ली २,०४८ ऐवजी २०,००० बिटांची केली तर भागणार नाही का? सममित पद्धतींबाबत आम्हाला ‘किल्ली दुप्पट करा, पुरे’ असे शिकवले, ते पूर्ण खरे आहे का? आणि नव्या पद्धती अवघ्या काही वर्षांच्या असताना त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?
— संगणक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तिन्ही प्रश्न चांगले आहेत, दुसऱ्यावर जास्त जागा खर्च करतो, कारण त्याबद्दल मराठीत वाचायला मिळत नाही.

नेहमीच्या संगणकापुढे किल्ली वाढवत नेणे हा रास्त उपाय होता. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी, म्हणजे ८२९ बिटांच्या आरएसए संख्येचे अवयव पाडले गेले, त्यासाठी सुमारे २,७०० कोअर-वर्षे, म्हणजे प्रोसेसरचा एकच गाभा २,७०० वर्षे चालवावा इतकी, गणनशक्ती खर्ची पडली. तेथे आपण थोडे बिट वाढवले की हल्लेखोराचे काम अनेक पटींनी वाढते. शोर यांच्या पद्धतीपुढे हे असंतुलन राहत नाही. किल्ली वाढवल्याने आपले आणि हल्लेखोराचे काम जवळपास सारख्याच वेगाने वाढते. २०१७ मध्ये बर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला आणि आरएसए टिकवायची तर किल्ली एक टेराबाइटची लागेल असा हिशेब मांडला. त्यांनी तो निस्टकडे रीतसर दाखलही केला होता. हिशेब पूर्ण गंभीर आहे, पण वाचताना हसू आल्याशिवाय राहत नाही.

आता सममित पद्धती. ग्रोव्हर यांच्या पद्धतीने १२८ बिटांची किल्ली शोधण्याचे काम २ च्या १२८ व्या घाताऐवजी ६४ व्या घाताइतक्या पायऱ्यांत होते, म्हणून किल्ली दुप्पट करण्याचा सल्ला देतात. त्यात एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. या पायऱ्या एकापाठोपाठ एकच घ्याव्या लागतात. काम शंभर यंत्रांत वाटले तर वेळ शंभरपट नव्हे, दहापटच वाचतो. त्यामुळे एईएस-१२८ सुद्धा प्रत्यक्षात लवकर पडेल असे बहुतेक तज्ज्ञ मानत नाहीत.

परंतु किल्ली दुप्पट करण्याचा सल्ला ज्या रचनांना लागू पडत नाही अशा काही सममित रचना आहेत. इव्हन आणि मन्सूर यांनी १९९१ मध्ये मांडलेली रचना घ्या. तीत एक सर्वांना माहीत असलेला क्रमचय, म्हणजे प्रत्येक मजकुराच्या जागी ठरलेला दुसरा मजकूर देणारी अदलाबदल, असतो; मजकूर त्यात घालण्यापूर्वी पहिल्या किल्लीशी एक्सऑर (दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १ देणारी क्रिया) करायचा आणि बाहेर येणारे उत्तर दुसऱ्या किल्लीशी एक्सऑर करायचे, इतकी ती साधी आहे. आता एकाच मजकुरावर ही झाकण्याची क्रिया आणि नुसता उघडा क्रमचय अशा दोन्ही क्रिया करून त्यांच्या उत्तरांचे एक्सऑर घ्या. मजकुराच्या जागी ‘मजकूर एक्सऑर पहिली किल्ली’ ठेवले तर या नव्या फलाचे (फंक्शनचे) उत्तर तेच राहते, कारण दोन्ही पदे नुसती जागा बदलतात. म्हणजे या फलाला एक छुपा आवर्त आहे आणि तो आवर्त हीच गुप्त किल्ली आहे. कागदावर करून पाहा, दोन ओळींत सिद्ध होते. असा छुपा आवर्त शोधायला नेहमीच्या संगणकाला किल्ली बाळगणाऱ्या यंत्राला प्रचंड संख्येने प्रश्न विचारावे लागतात, तर १९९४ मधील सायमन यांच्या क्वांटम पद्धतीला किल्लीच्या बिटांइतके, थोडक्यात शंभर-दोनशे प्रश्न पुरतात. कुवाकादो आणि मोरी या जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवले, आणि २०१६ मध्ये काप्लान व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीबीसी-मॅकसारख्या, मजकुराची सत्यता तपासणाऱ्या प्रचलित रचनांवरही तोच हल्ला लागू केला. या हल्ल्यात प्रश्नांची संख्या किल्लीच्या लांबीबरोबर सरळ रेषेतच वाढते, म्हणून किल्ली दुप्पट करून काही साधत नाही.

मग रचनाच बदलावी लागते. अलाजिक आणि रसेल यांनी २०१७ मध्ये सुचवलेला बदल मला फार आवडतो, कारण त्यांनी दुखण्याच्या मुळाशी हात घातला. एक्सऑरमध्ये तीच किल्ली दोनदा मिळवली की आपण मूळ जागी परत येतो, आणि छुपा आवर्त निर्माण होतो तो यामुळेच. एक्सऑरऐवजी साधी बेरीज, ठरावीक संख्येने भागून बाकी घेत, वापरली तर दोनदा किल्ली मिळवून मूळ जागी परतणे होत नाही, आवर्त नाहीसा होतो आणि सायमन यांची पद्धत लंगडी पडते. उरते ती ‘छुप्या सरकवणुकी’ची समस्या, म्हणजे एक फल दुसऱ्याचे कितीने सरकवलेले रूप आहे हे शोधणे, जिच्यासाठी कुपरबर्ग यांची पद्धत सर्वांत चांगली मानली जाते आणि ती सायमन यांच्या पद्धतीपेक्षा पुष्कळ संथ आहे.

संथ असली तरी तिला नगण्य म्हणता येत नाही. बोनेतां आणि नाया-प्लासेन्सिया यांनी २०१८ मध्ये तिचा तपशीलवार हिशेब केला तेव्हा असे दिसले की पुरेशी सुरक्षा हवी असेल तर नेहमीच्या दोन-अडीचशे बिटांच्या ठोकळ्याऐवजी (ठोकळा म्हणजे एका वेळी झाकला जाणारा मजकुराचा तुकडा) काही हजार बिटांचा ठोकळा घ्यावा लागेल. बदल तत्त्वतः बरोबर आहे, पण व्यवहारात तो जड जातो. हे सगळे ज्या गृहीतावर उभे आहे तेही लक्षात ठेवा: किल्ली बाळगणाऱ्या यंत्राने हल्लेखोराच्या क्वांटम अध्यारोपणातील, म्हणजे एकात एक मिसळून एकाच वेळी विचारलेल्या अनेक प्रश्नांना, उत्तरे दिली पाहिजेत, आणि तुमच्या-माझ्या राउटरमध्ये तशी काही सोय नाही. २०१९ मध्ये हे गृहीत वगळूनही सायमन यांच्या पद्धतीचा काही लाभ उठवता येतो असे दाखवले गेले, मात्र तो लाभ कितीतरी मर्यादित आहे. एईएसचा मूळ ठोकळा या कोणत्याही हल्ल्याने पडलेला नाही. महाविद्यालयात शिकवले ते एईएसपुरते बरोबर आहे, सममित रचनांच्या सर्व कुळाला ते लागू नाही.

विश्वासाचा प्रश्न. एमएल-केईएमचा पाया म्हणजे रेगेव्ह यांनी २००५ मध्ये मांडलेली समस्या. अनेक अज्ञातांची एकसामयिक समीकरणे दिली आहेत, पण प्रत्येकाच्या उजव्या बाजूला मुद्दाम एक लहानशी चूक मिसळली आहे. अशा वेळी शाळेत शिकलेली निरसनाची पद्धत चालवली की चुका एकमेकींत मिसळून फुगत जातात आणि उत्तर हाती लागत नाही. प्रत्यक्षात ही समीकरणे २५६ सहगुणकांच्या बहुपदींची असतात आणि सर्व आकडेमोड ३,३२९ ने भागून उरणाऱ्या बाकीवर चालते. जालकांच्या, म्हणजे बिंदूंच्या नियमित जाळ्यांच्या, भूमितीशी निगडित असलेल्या या समस्येला शोर यांच्या युक्तीचा आधार मिळत नाही, कारण तीत पकडण्याजोगा आवर्त कोणाला सापडलेला नाही.

उद्या तो सापडणार नाही याची हमी कोणी देत नाही. निस्टच्याच स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेली रेनबो ही स्वाक्षरीपद्धत २०२२ च्या आरंभी वॉर्ड ब्यूलन्स यांनी लॅपटॉपवर एका शनिवार-रविवारात मोडण्याजोगी ठरवली, आणि त्याच वर्षी कास्त्रिक व देक्रू यांनी एसआयकेई ही पद्धत साध्या संगणकाच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात फोडली. या दोहोंसाठी क्वांटम यंत्र लागले नाही. म्हणूनच आज जुनी आणि नवी पद्धत जोडीने चालवतात, आणि म्हणूनच निस्टने मार्च २०२५ मध्ये एचक्यूसी ही वेगळ्या गणितावर, चूकदुरुस्ती करणाऱ्या संकेतांवर, आधारलेली पद्धत राखीव म्हणून निवडली. तुम्हाला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर कोणती पद्धत कोठे वापरली आहे हे एका ठिकाणी नोंदवून ती सहज बदलता येईल असे सॉफ्टवेअर लिहून पाहा.

प्रश्न : नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात आमच्या घरच्या दोन पिढ्यांनी काम केले. आता पासपोर्टमध्ये चिप बसवली जाते. त्या चिपलाही हा धोका आहे का?
— जेल रोड

उत्तर : आहे, आणि माझ्या मते नाशिककरांनी खरे तर याच प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण देशाचे पासपोर्ट आपल्याच शहरात छापले जातात.

ई-पासपोर्टच्या चिपमध्ये धारकाचे नाव, छायाचित्र इत्यादी माहिती असते आणि त्या माहितीवर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल स्वाक्षरी असते. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डयन संघटनेच्या नियमांनुसार सीमेवरील यंत्र ही स्वाक्षरी त्या देशाच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहते. लेखापाल वाचकांना स्वाक्षरीची निकड कमी आहे असे वर सांगितले. येथे मात्र तो युक्तिवाद चालत नाही. प्रौढ व्यक्तीचा पासपोर्ट दहा वर्षे वैध असतो आणि एकदा चिपमध्ये लिहिलेली स्वाक्षरी घरोघरी जाऊन बदलता येत नाही, म्हणजे आज दिलेल्या पासपोर्टवरील स्वाक्षरी पुढील दशकाच्या मध्यापर्यंत टिकायला हवी. तोवर कोणाच्या हाती मोठे क्वांटम यंत्र आले, तर प्रमाणपत्रातील सार्वजनिक किल्लीवरून (स्वाक्षरी तपासायची, सर्वांना उघड असलेली) खासगी किल्ली (स्वाक्षरी करायची, गुप्त) काढून हव्या त्या नावाची चिप तयार करता येईल, आणि त्यानंतर त्या देशाच्या खऱ्या चिपवरील स्वाक्षरीवरही कोणी भरवसा ठेवणार नाही.

उपाय ठाऊक आहे, अडचण जागेची आणि वेळेची आहे. इलिप्टिक कर्व्हची नेहमीची स्वाक्षरी ६४ बाइटांत मावते; एमएल-डीएसएची मधल्या दर्जाची स्वाक्षरी ३,३०९ बाइटांची आहे, आणि एसएलएच-डीएसएची सर्वांत लहानसुद्धा ७,८५६ बाइटांची. चिपची स्मृती तुटपुंजी, तिला वीज मिळते ती वाचकयंत्राच्या लहरींतून, आणि विमानतळावर रांग थांबलेली. शिवाय एकट्या देशाने बदल करून भागत नाही. जगातील प्रत्येक सीमेवरच्या यंत्राला नवी स्वाक्षरी वाचता यायला हवी, त्यामुळे काही वर्षे दोन्ही प्रकार चालवावे लागतील.

आपल्या घरच्यांनी ज्या कामात आयुष्य घालवले त्या कामाला मात्र यातले काही लागू नाही. जलचिन्ह, विशेष शाई, सूक्ष्म अक्षरे आणि शिवण ही अवयव पाडून मोडत नाहीत, आणि चिपवरचा भरवसा डळमळीत झाला तर तपासनिसाला पुन्हा पुस्तिकेकडेच पाहावे लागेल.

प्रश्न : डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत काढतो. पुढे कोणी खोटी स्वाक्षरी करून माझी जमीन आपल्या नावे दाखवू शकेल का?
— द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : दाखवू शकला तरी तेवढ्याने जमीन त्याची होणार नाही. उताऱ्याची प्रत ही मूळ नोंद नव्हे; नोंद शासनाच्या अभिलेखात असते आणि प्रतीवरील पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून ती नोंदीशी ताडता येते. प्रत स्वीकारणाऱ्याने, मग ती बँक असो वा सोसायटी, ही पडताळणी करावी, नुसत्या छापील स्वाक्षरीच्या खुणेवर विसंबू नये, हे आजही तितकेच खरे आहे. जुन्या इलेक्ट्रॉनिक दस्तांच्या बाबतीत शासनाला आणखी एक काम करावे लागेल: जुनी पद्धत मोडण्यापूर्वीच त्यांच्यावर नव्या पद्धतीने कालमुद्रा उमटवणे, म्हणजे हा दस्त त्या तारखेला असाच होता हे नंतरही सिद्ध करता येते.

प्रश्न : एका विक्रेत्याने आमच्या कारखान्याला ‘क्वांटम-प्रूफ’ म्हणून एक महागडे उपकरण घेण्याचा आग्रह धरला आहे. घ्यावे का?
— लघुउद्योजक, सातपूर औद्योगिक वसाहत

उत्तर : विक्रेत्याचे माहितीपत्रक आपण सोबत पाठवले आहे. त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ दिसते. एक म्हणजे वर आलेल्या नव्या गणिती पद्धती, ज्या आहे त्याच संगणकावर सॉफ्टवेअरच्या रूपाने चालतात. दुसरी क्वांटम किल्ली-वितरण, ज्याची मूळ कल्पना बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ मध्ये मांडली. तीत प्रकाशकणांच्या साहाय्याने किल्ली पाठवतात, त्यासाठी खास उपकरणे आणि बहुधा स्वतंत्र फायबर लागते, आणि पलीकडे कोण आहे याची ओळख पटवण्याचे काम तरीही नेहमीच्या कूटशास्त्रालाच करावे लागते. ब्रिटनची राष्ट्रीय सायबर सुरक्षा संस्था आणि अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था या दोघींनीही पहिल्या मार्गाला पसंती दिली आहे. सातपूरहून अंबडच्या गोदामात साठ्याचे आकडे पाठवायला दुसऱ्या मार्गाची गरज मला तरी दिसत नाही.

विक्रेत्याला विचारा की उपकरण निस्टच्या २०३, २०४ किंवा २०५ क्रमांकाच्या मानकापैकी कोणते वापरते, जुनी पद्धत जोडीला आहे का, आणि उद्या मानक बदलले तर उपकरण न बदलता पद्धत बदलता येईल का. ‘आमचे स्वतःचे गुप्त गणित आहे’ असे उत्तर आले तर चहा पाजून निरोप द्यावा.

पैसे राखून ठेवायचेच असतील तर यंत्रांच्या नियंत्रकांसाठी ठेवा. सीएनसी यंत्र किंवा पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक संगणक) पंधरा-वीस वर्षे चालते आणि त्याचे फर्मवेअर, म्हणजे आतच बसवलेले सॉफ्टवेअर, उत्पादकाच्या स्वाक्षरीवर विश्वास ठेवून अद्ययावत होते. ती स्वाक्षरी खोटी करता आली तर यंत्रात हवे ते घुसवता येईल. फर्मवेअरसाठी हॅशवर (मजकुराच्या ठरावीक लांबीच्या गणिती ठशावर) आधारित एलएमएस आणि एक्सएमएसएस या स्वाक्षरीपद्धती निस्टने २०२० मध्येच मान्य केल्या आहेत, त्यामुळे नवे यंत्र घेताना खरेदीच्या अटींत हा मुद्दा लिहिता येतो. जुन्या यंत्रांची आणि ती वापरत असलेल्या पद्धतींची यादी करणे हे पहिले पाऊल आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशी यादी ठेवण्याचा समावेश आहे.

प्रश्न : मी वापरत असलेली जोडणी नव्या पद्धतीची आहे की जुन्या, हे सामान्य माणसाला पाहता येते का?
— शिक्षिका, इंदिरानगर

उत्तर : येते. संगणकावरील क्रोममध्ये हवे ते संकेतस्थळ उघडून एफ१२ दाबावे आणि विकसकांसाठीच्या चौकटीत सुरक्षेचा विभाग निवडावा. जोडणीच्या तपशिलात एक्स२५५१९एमएलकेईएम७६८ असे लांबलचक नाव दिसले तर जुनी आणि नवी पद्धत जोडीने चालू आहे. नुसते एक्स२५५१९ किंवा पी-२५६ दिसले तर ते संकेतस्थळ अजून वळलेले नाही. अशा वेळी आपला ब्राउझर अद्ययावत आहे का ते आधी पाहावे, कारण क्रोमने ही सोय एप्रिल २०२४ पासून आपणहून चालू केली आहे. संदेशांच्या बाबतीत सिग्नलने सप्टेंबर २०२३ मध्ये आणि ॲपलने आयमेसेजसाठी २०२४ मध्ये असाच बदल केला. तेथे वापरणाऱ्याला ॲप आणि फोन अद्ययावत ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. ब्राउझर नवा असूनही आपल्या शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या संकेतस्थळावर जुनेच नाव दिसत असेल तर ते चालवणाऱ्या कंत्राटदाराला सर्व्हरवरील ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणी सांभाळणारे सॉफ्टवेअर) ३.५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर नेण्यास सांगावे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून नवी मानके तीत अंतर्भूत आहेत.